डिप्लोमाला डिस्टिंक्शन, डिग्रीला तीन केटी

प्रश्न : मी सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिप्लोमाला ८४ टक्के होते, म्हणून डायरेक्ट सेकंड इयरला ॲडमिशन घेतली. कॅप राउंड (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या) लांबले आणि मी वर्गात बसलो तेव्हा सप्टेंबर उजाडला होता, पहिली इंटर्नल होऊन गेली होती. आता तिसऱ्या सेमचा निकाल लागला. एम-थ्रीला (मॅथेमॅटिक्स-थ्री) ७० पैकी १९, थर्मोला (थर्मोडायनॅमिक्स) २३, एसओएमला (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स) २६. पासिंग २८ ला आहे. इंटर्नल आणि टर्मवर्कमध्ये पास आहे. वडील पूर्व भागात यंत्रमागावर कामाला, आई घरी विड्या वळते, बहीण यंदा दहावीला. घरी तेलुगू, शाळा मराठी, इथे सगळं इंग्रजीत. बारावीवरून आलेली मुलं म्हणतात, डिप्लोमावाल्यांना गणित जमतच नाही. मलाही आता तसंच वाटतं. डिप्लोमाचा एक मित्र चाकणला कंपनीत आहे. तो म्हणतो, ये, १७ हजार मिळतील. का एक वर्ष ड्रॉप घेऊन तिन्ही विषय काढू? केटी (नापास होऊन राहिलेला विषय) असली की प्लेसमेंटला बसू देत नाहीत म्हणे. घरी निकाल अजून सांगितलेला नाही. रात्री झोप लागत नाही.
(पत्र थोडक्यात दिलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

उत्तर :

तुझ्या पत्रातले तीन आकडे आधी नीट बघू या. १९, २३ आणि २६. तू तिन्हींना मिळून एकच निकाल लावलास, की मला जमत नाही. पण या तीन पेपरांत तीन वेगळ्या गोष्टी बिघडल्या आहेत आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. चाकण, ड्रॉप की कॉलेज हा प्रश्न त्यानंतरचा.

एम-थ्री घे. तू शेवटचं गणित कधी केलंस? डिप्लोमाला गणिताचे दोनच पेपर असतात, पहिल्या आणि दुसऱ्या सेमला. पुढचे चार सेम गणिताचा पेपरच नाही. म्हणजे एम-थ्रीच्या वर्गात तू बसलास तेव्हा इंटिग्रेशन सोडून तुला दोन वर्षं होऊन गेली होती. बारावीवरून आलेल्या मुलानं आदल्याच वर्षी एम-वन आणि एम-टू केलेलं असतं. पार्शल डिफरन्सिएशन, मॅट्रिक्सचा रँक आणि आयगेन व्हॅल्यू, डी मॉयव्हर, मल्टिपल इंटिग्रल हे सगळं त्याच्या वहीत आहे, तुझ्या वहीत नाही. एम-थ्री शिकवणारे सर ते येतंय असं धरूनच पुढे जातात, त्यांना तसंच जावं लागतं. त्यात तू महिनाभर उशिरा आलास आणि त्या महिन्यात पहिलं युनिट संपलं. अशा स्थितीत पडलेले १९ तुझ्या बुद्धीचं माप धरू नकोस. दोन पेपरांची आणि एका महिन्याची थकबाकी त्यात दिसते आहे. ती फेडता येते, आणि किती दिवसांत फेडता येईल हेही आधी सांगता येतं.

‘डिप्लोमावाल्यांना गणित जमत नाही’ हे वाक्य दरवर्षी प्रत्येक वर्गात कुणीतरी बोलतं. ते चुकीचं आहे आणि ऐकणाऱ्याचं नुकसान करतं. ज्याला ते पटतं तो मागच्या बाकावर बसून राहतो, शंका विचारत नाही, मग खरंच नापास होतो. तुझ्या बाजूनेही काही जमेच्या गोष्टी आहेत. लेथ, मिलिंग, मायक्रोमीटर, ड्रॉइंग वाचणं यात तू त्या मुलांच्या पुढे आहेस. पार्शल फ्रॅक्शन तू डिप्लोमालाच केलंस, इन्व्हर्स लाप्लासची बरीच गणितं त्यावरच चालतात.

आता सगळ्यात घाईचं काम. एसओएमला दोन गुण कमी आहेत, त्याच्या उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी माग. निकालानंतर त्यासाठी ठरावीक दिवसच मिळतात, म्हणून उद्याच परीक्षा विभागात जाऊन शेवटची तारीख विचार. कॉपी हातात आली की तीन गोष्टी तपास. आतल्या पानांवरचे गुण कव्हरवर बरोबर उतरलेत का. एखादा उपप्रश्न न तपासता राहिलाय का, विशेषतः पुरवणीतला किंवा पेपराच्या शेवटी लिहिलेला. आणि उत्तर चुकलं असलं तरी पायऱ्यांचे गुण मिळालेत का. तिसरी गोष्ट तुला एकट्याला कळणार नाही, म्हणून कॉपी एसओएमच्या सरांना दाखव. ते ‘रिव्हॅल टाक’ (पेपर फेरतपासणीला दे) म्हणाले तरच पैसे भर. १९ आणि २३ च्या पेपरांवर रिव्हॅलचे पैसे घालवू नकोस. एम-थ्रीची फोटोकॉपी मात्र घ्यावीस असं मला वाटतं, कुठे अडलास हे तुझ्याच अक्षरात त्यात दिसेल. एक चूक मुलं हमखास करतात. रिव्हॅलचा निकाल येईल म्हणून वाट बघतात आणि तोवर बॅकलॉगचा, म्हणजे राहिलेल्या विषयांचा, परीक्षा फॉर्म भरायची तारीख निघून जाते, किंवा लेट फी बसते. रिव्हॅल टाकलं तरी एसओएमसकट तिन्ही विषयांचा फॉर्म भरून ठेव.

ड्रॉपबद्दल माझं मत स्पष्ट आहे. घेऊ नकोस. तुला कुणी वर्षातून बाहेर काढलेलं नाही, चौथं सेम चालू आहे आणि तू त्यात बसतो आहेस. स्वतःहून थांबलास तर वर्षभर हातात तीनच विषय राहतील, वर्ग नाही, वेळापत्रक नाही, ज्याच्याशी बोलावं असा बाकावरचा मित्र नाही. पहिले दोन महिने कसे जातात ते कळतही नाही आणि अभ्यास शेवटच्या महिन्यावर येतो. शिवाय महाडीबीटीची शिष्यवृत्ती चालू असेल तर मध्ये वर्ष गेल्याचा तिच्यावर काय परिणाम होईल ते कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात विचारल्याशिवाय असं पाऊल कुणीही उचलू नये. तब्येतीचं मोठं कारण असेल तर गोष्ट वेगळी, तुझं तसं नाही.

नियमांची एक बाजू माहीत करून घे. बहुतेक विद्यापीठांत दुसऱ्या वर्षाचे सगळे विषय निघाल्याशिवाय चौथ्या वर्षात बसू देत नाहीत. तिसऱ्या वर्षात जायला किती विषय राहिलेले चालतात, हा आकडा मात्र जागोजागी वेगळा असतो, आणि कॉलेज ऑटोनॉमस असेल तर त्याची स्वतःची नियमावली असते. ती नियमावली माग आणि एटीकेटीचं (विषय राहूनही पुढच्या वर्षात जायच्या मुभेचं) कलम स्वतः वाच, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नकोस. हिशोबाने तुला तीन संधी दिसतात, या उन्हाळ्यात, डिसेंबरात आणि पुढच्या उन्हाळ्यात. तरीही तिन्ही विषय याच उन्हाळ्यात काढायचे असं धरून चाल. कारण साधं आहे. पुढच्या वर्षी हीट ट्रान्सफर आणि मशीन डिझाइन येणार. पहिल्याचा पाया थर्मोत आहे, दुसऱ्याचा एसओएममध्ये. पाया कच्चा ठेवून वर चढलास की तिथेही केटी लागते आणि मग विषयांची साखळी तुटत नाही.

प्लेसमेंटचं तू ऐकलंस ते अर्धंच खरं आहे. बऱ्याच कंपन्या ‘ॲक्टिव्ह बॅकलॉग नको’ अशी अट घालतात, म्हणजे ड्राइव्हच्या वेळी (कंपनी मुलं निवडायला येते तेव्हा) विषय राहिलेला नसावा. पूर्वी राहिला होता आणि नंतर निघाला, त्याला डेड बॅकलॉग म्हणतात. त्याला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, काही मोजक्या कंपन्या मात्र पूर्ण इतिहास विचारतात. ड्राइव्ह सातव्या सेमच्या आसपास सुरू होतात, तोवर तुझी पाटी कोरी असू शकते. दुसरी अट सहसा ६० टक्क्यांची, दहावी, डिप्लोमा आणि डिग्री तिन्हींना. तुझा सीजीपीए (सगळ्या सेमची मिळून सरासरी) बहुतेक तिसऱ्या ते आठव्या अशा सहाच सेमवर मोजला जाईल. समज, विषय निघाल्यावर तिसऱ्या सेमचा एसजीपीए (त्या एका सेमची सरासरी) ५.८ झाला आणि पुढची पाच सेम सरासरी ७.५ ची गेली. क्रेडिट सारखे धरले तर एकूण ७.२ च्या आसपास येतो. एका सेमनं दार बंद होत नाही. पण सहातलं एक गेलं आहे, म्हणून उरलेल्या पाचांत ढिलाई परवडणार नाही.

आता चाकणबद्दल. नोकरी करणं कमीपणाचं नाही आणि डिप्लोमावर चांगली कामं मिळतात. पण १७ हजार हा आकडा उघडून बघ. मित्राला विचार : हे हातात येतात की कागदावर आहेत? नेमणूक कंपनीच्या रोलवर आहे, कॉन्ट्रॅक्टरकडून आहे की अप्रेंटिस म्हणून? किती महिन्यांची? नंतर कायम करतात की ब्रेक देऊन नवीन मुलं घेतात? पीएफ कापतात का? ओव्हरटाइम धरून १७ आहेत की त्याशिवाय? मग खर्च मांड. पीएफ जाऊन १५ हजार हातात आले असं धर. खोलीत कॉट घेतलीस तरी अडीच-तीन हजार, मेस तीन हजार, येणं-जाणं, मोबाइल, आजारपण मिळून दोन हजार. घरी पाठवायला सात-साडेसात हजार उरतील. घराला आत्ता या रकमेची निकड आहे का? तुझ्या पत्रात घरच्यांनी पैसे मागितल्याचं एकही वाक्य नाही. तू निकालापासून दूर जायचा रस्ता शोधतोयस आणि चाकण त्या रस्त्यावर लागलं, असं मला पत्र वाचताना वाटलं. घरी खरोखरच अडचण असेल, वडिलांचं काम सुटलं असेल किंवा कर्जाचा तगादा असेल, तर पुन्हा लिही, मग उत्तर वेगळं असेल. तशी अडचण नसेल तर हा निर्णय जुलैपर्यंत बाजूला ठेव. डिप्लोमाचं सर्टिफिकेट तुझंच आहे, ते तेव्हाही चालेल. ॲडमिशन मात्र आत्ता रद्द केलीस तर यंदाची फी परत मिळण्याची आशा धरू नकोस, आणि पुन्हा यायचं तर कॅपपासून सुरुवात.

अभ्यासाकडे येतो. परीक्षा मेच्या दुसऱ्या आठवड्यात धरली तर हातात साधारण बारा आठवडे आहेत. सोमवार ते शनिवार रोज दीड तास आणि रविवारी पाच तास, असे आठवड्याला १४ तास फक्त मागच्या विषयांना. चौथ्या सेमच्या इंटर्नलचे दोन आठवडे यातून वगळ, त्या दिवसांत मागचं पुस्तक उघडायचंच नाही. उरतात १४० तास. त्यातले ७० एम-थ्रीला, ४० थर्मोला, २० एसओएमला आणि १० जुने पेपर वेळ लावून सोडवायला. चालू सेमचे पाच विषय या १४ तासांच्या बाहेर. मागचे तीन काढताना पुढचे दोन अडकले, असं होता कामा नये. म्हणून चालू सेमचे वर्ग आणि हजेरी सोडायची नाही.

एम-थ्रीचे पहिले दोन आठवडे एम-थ्रीला हातच लावू नकोस. डिप्लोमाची दुसऱ्या सेमची वही काढ. चार दिवस इंटिग्रेशन, त्यातही बाय पार्ट्स, आणि कुठलं फंक्शन आधी घ्यायचं त्याचा लायेटचा क्रम. दोन दिवस पार्शल फ्रॅक्शन. मग पार्शल डिफरन्सिएशन, जे तू कधी शिकलाच नाहीस. त्याला फार तर चार दिवस लागतात, कारण साध्या डेरिव्हेटिव्हमध्ये दुसरं चल स्थिर धरायचं एवढंच नवीन आहे. त्याशिवाय व्हेक्टरचं युनिट आणि चौथ्या सेमच्या फ्लुइड मेकॅनिक्समधलं स्ट्रीम फंक्शन दोन्ही कळत नाहीत. एवढ्या दहा दिवसांनी निम्मा एम-थ्री ओळखीचा वाटू लागेल.

मग मागच्या सहा परीक्षांचे पेपर घे आणि कुठल्या युनिटवर कसले प्रश्न, किती गुणांचे आले हे एका कागदावर मांड. लक्ष्य २८ ठेवू नकोस, ४५ ठेव. २८ धरून अभ्यास करणारा २४ वर थांबतो. क्रम माझ्या मते असा असावा : आधी लिनिअर डिफरन्शियल इक्वेशन, मग लाप्लास, मग प्रॉबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्स (असेल तर, कारण त्याला मागचं काही लागत नाही), मग व्हेक्टर आणि शेवटी फुरिए.

कुठे गुण जातात त्याचं एक उदाहरण देतो. (डी² + ४) वाय = साइन २एक्स. याचं पर्टिक्युलर इंटिग्रल काढायचं आहे. नेहमीचा नियम डी² च्या जागी उणे ४ ठेवायचा. ठेवलं की छेदात शून्य येतं. इथे बरीच मुलं ‘इन्फिनिटी’ लिहून पुढचा प्रश्न घेतात. इथे थांबायचं नाही. एक एक्स बाहेर काढायचा आणि छेदाचं डीच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, ते येतं २डी. एक भागिले डी म्हणजे इंटिग्रेशन. साइन २एक्सचं इंटिग्रेशन उणे कॉस २एक्स भागिले २. हा २ आणि छेदातला २ मिळून ४ होतात. उत्तर, उणे एक्स कॉस २एक्स भागिले ४. आता हेच दोनदा डिफरन्शिएट करून मूळ समीकरणात घाल, साइन २एक्स परत मिळतं. परीक्षेत वेळ उरला तर असा पडताळा घ्यायचा. डायरेक्शनल डेरिव्हेटिव्हमध्ये दिलेल्या दिशेचा युनिट व्हेक्टर करायला विसरणं ही तशीच नेहमीची चूक. फुरिएमध्ये, रेंज उणे पाय ते पाय असेल तर, फंक्शन इव्हन आहे की ऑड हे आधी बघितलंस तर निम्मं काम वाचतं. आणि साइन एन-पाय शून्य, कॉस एन-पाय म्हणजे उणे एकचा एनवा घात, हे दोन्ही डोक्यात पक्कं बसायला हवं.

सोडवलेलं गणित नुसतं वाचून किंवा रात्री ‘वन शॉट’ व्हिडिओ बघून सगळं कळल्यासारखं वाटतं आणि पेपरात पेन अडतं. एकेक गणित तीनदा कर. पहिल्या दिवशी उत्तर समोर ठेवून, दुसऱ्या दिवशी झाकून, चार दिवसांनी पुन्हा झाकून. तिसऱ्या वेळी अडलास तर ती पायरी लाल पेनानं वेगळ्या वहीत उतरव. परीक्षेच्या आदल्या रात्री ग्रुपवर फिरणाऱ्या ‘आयएमपी’ यादीपेक्षा ती वही तुझ्या उपयोगाची. क्लास लावावा का असं विचारशील, तर आधी चार आठवडे असं करून बघ. कॉलेजच्या सरांना आठवड्यातून एकदा तीन ठरावीक शंका घेऊन भेटलास तर क्लासचे पैसे वाचतील. ‘सर, एम-थ्री कळत नाही’ असं म्हटलं तर कोणत्याही सरांना मदत करता येत नाही. अडलेली पायरी दाखवली की पाच मिनिटांत सुटते.

थर्मोचं दुखणं वेगळं आहे. तुझा सुरुवातीचा महिना गेला, त्यात फर्स्ट लॉ गेला आणि बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. आणि इथे भाषा आडवी येते. गणित येत असूनही प्रश्नात काय दिलंय ते कळत नाही. यावर उपाय सोपा आहे. प्रश्नातल्या नेहमीच्या शब्दांपुढे समीकरणात काय होतं ते लिहून ठेव. ‘रिजिड’ म्हटलं की आकारमान बदलत नाही, म्हणून विस्ताराचं काम शून्य. ‘इन्सुलेटेड’ किंवा ‘ॲडियाबॅटिक’ म्हटलं की उष्णता शून्य. ‘थ्रॉटलिंग’ म्हटलं की आधीची आणि नंतरची एन्थाल्पी सारखी. ‘नॉझल’ म्हटलं की काम शून्य, वेग मात्र धरायचा. अशी वीस-पंचवीस शब्दांची यादी झाली की निम्मे प्रश्न उलगडतात. थिअरीत केल्विन-प्लांक आणि क्लॉशियसची विधानं मात्र जशीच्या तशी इंग्रजीत पाठ कर आणि लिहून बघ. तिथे स्वतःची वाक्यं रचायला जाऊ नकोस, आकृती नीट काढ.

राहिले युनिट. स्टेडी फ्लो एनर्जी इक्वेशनमध्ये एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये असते आणि वेगाच्या वर्गाचा अर्धा ज्यूलमध्ये येतो. वेग सेकंदाला १०० मीटर असेल तर तो आकडा ५००० ज्यूल, म्हणजे फक्त ५ किलोज्यूल. हजाराने भागायला विसरलास की वाफेच्या २८०० किलोज्यूल एन्थाल्पीत ५००० मिसळले जातात आणि गणित कोसळतं. तापमान केल्विनमध्येच. ३२७ आणि २७ अंश सेल्सिअसमध्ये चालणाऱ्या कार्नो इंजिनाची एफिशियन्सी ५० टक्के आहे, सेल्सिअस तसंच घातलं तर जवळजवळ ९२ येते. असं काही आलं की पेन थांबायला हवं.

एसओएमवर फार बोलायला नको. विषय डिप्लोमाला झालेला आहे, दोन गुणांनी राहिला आहे. बहुतेक डिरायव्हेशन आणि डिफ्लेक्शनमध्ये गेला असशील. मॅकॉलेच्या पद्धतीत कंस सोडवत बसू नकोस, कंसासकटच इंटिग्रेट कर, आतली किंमत ऋण आली तर ते पद सोडून दे, आणि स्थिरांक आधारांवर डिफ्लेक्शन शून्य धरून काढ. शिअर फोर्स डायग्रामचं दोन बिंदूंमधलं क्षेत्रफळ म्हणजे त्या दोन बिंदूंच्या बेंडिंग मोमेंटमधला फरक (मध्ये कुठे कपल लावलेलं नसेल तर). एवढा पडताळा प्रत्येक बीमला घेतलास तरी चिन्हांच्या चुका सापडतील.

वेळ कुठून काढायचा? आपल्याकडे मार्चपासूनच दुपारी घरात बसवत नाही, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, त्यात वस्तीतल्या मागांचा खडखडाट. म्हणून दीड तास पहाटेचाच ठेव, पाच ते साडेसहा. रविवारचे पाच तास कॉलेजच्या रीडिंग रूममध्ये किंवा जवळच्या अभ्यासिकेत. पहाटे उठायचं म्हणजे रात्री साडेदहाला झोपावं लागेल, आणि तू लिहितोस झोप येत नाही. ती बहुतेक घरच्यांपासून लपवलेल्या निकालामुळे येत नाही. तरीही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा मनात जिवाचं काही बरंवाईट यायला लागलं, तर थांबू नकोस. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

घरी सांगायचं ते या रविवारी सांग. दोघं एकत्र असताना, घरच्या भाषेत, थोडक्यात. तीन विषय राहिलेत. वर्ष गेलेलं नाही. उन्हाळ्यात पुन्हा परीक्षा आहे, तिचा फॉर्म भरायला इतके पैसे लागतील. पहाटे मी असा असा अभ्यास करणार आहे. फीचा नेमका आकडा आधी विचारून जा. यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाला हिशोब लगेच कळतो, ‘थोडं अवघड गेलं’ यातून काहीच कळत नाही आणि काळजी वाढते. वडील चिडतील, एखादा दिवस बोलणार नाहीत. तेही ठीक आहे. बहिणीची दहावीची परीक्षा तोंडावर आहे, तेवढं तिच्यासमोर नको.

तुझ्यासारखी आणखी मुलं वर्गात असतील, डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांत एम-थ्री एकट्याचा राहत नाही. सगळ्यांनी मिळून एचओडींना (विभागप्रमुखांना) एक लेखी अर्ज द्या : डिप्लोमावरून आलेल्यांसाठी एम-वन, एम-टूमधल्या लागणाऱ्या भागाचे बारा-पंधरा तास, शनिवारी किंवा कॉलेज सुटल्यावर. काही कॉलेजं याला ब्रिज कोर्स म्हणतात आणि स्वतःहून घेतात. जिथे घेत नाहीत तिथे सहसा कुणी मागितलेलाच नसतो. अर्जावर दहा-बारा सह्या असल्या आणि कुठले टॉपिक हवेत ते नेमकं लिहिलं की नकार द्यायला कारण उरत नाही.

आणि जे आत्ता डिप्लोमाच्या शेवटच्या सेमला आहेत, त्यांनी कॅपची यादी लागायची वाट बघू नये. परीक्षा संपल्यापासून ॲडमिशन होईपर्यंत दोन-तीन महिने मोकळे जातात. त्यात रोज एक तास बाय पार्ट्स, पार्शल डिफरन्सिएशन आणि मॅट्रिक्स करा. ज्या कॉलेजला जायची शक्यता आहे तिथल्या सीनियरकडून तिसऱ्या सेमचा सिलॅबस आणि पहिल्या युनिटच्या नोट्स जुलैतच घेऊन ठेवा. वर्गात सप्टेंबरात बसलात तरी पहिलं युनिट तुमच्या वहीत लिहिलेलं असेल.